ब्रेकवरचा दुसरा पाय

वाचकहो, आरंभी एक निवेदन करतो आणि मगच पुढे जातो. आता जी हकिकत मी आपणांपुढे मांडणार आहे, तिच्यात माझ्या पदरचा एक शब्दही नाही. ज्याच्या आयुष्यात ती घडली, तो दत्ता माझा सख्खा मावसभाऊ आहे. त्याने ती मला एकदाच सांगितली. सांगताना तो सारा वेळ जमिनीकडे पाहत होता.

"लिही," तो म्हणाला, "पन मला वाचून दाखवू नको."

भुताखेतांच्या गोष्टीत रात्र असते, अमावास्या असते. येथे त्यांपैकी काहीच नाही.

यंदाच्या फाल्गुनातला शनिवार. भर दुपार. स्थळ, पनवेल तालुक्यातील आमचे गव्हाण गाव. दत्ताच्या घरापुढचे अंगण.

अंगणात त्यांची जुनी पिकअप उभी होती. ही गाडी दत्ताच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, भाजी विकून घेतली होती. पहाटे गाडीत पालेभाजी भरायची आणि पनवेलच्या बाजारात जाऊन बसायचे, हा तिचा आयुष्यभराचा क्रम. मावशीला जाऊन आता वर्ष उलटून गेले आहे.

गाडीची सारी दुरुस्ती दत्ता घरीच करी, आणि त्या कामात मावशी त्याची जोडीदार असे. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ती काढायला दोन माणसे लागतात. एक गाडीखाली निजतो, दुसरा वर बसून पेडल दाबतो. खालचा म्हणतो, "दाब." वरचा पेडल दाबून धरतो आणि "धरलाय" असे सांगतो. मग खालचा चाकाजवळचा बारीक स्क्रू सैल करतो. हवा आणि ऑईल बाहेर येते. स्क्रू आवळला की म्हणायचे, "सोड."

मावशीच्या तोंडात सदा मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. त्यामुळे काम करताना तिला बोलता येत नसे. म्हणून ती मिश्रीची डबी स्टेअरिंगवर एकदा आपटी.

टक.

म्हणजे, धरलाय.

त्या शनिवारी वर दत्ताची बायको सुनिता बसली होती. गाडीचा सौदा ठरला होता. डोंगरापलीकडच्या आदिवासी वाडीतला चांगो ती घ्यायला दिवस मावळण्यापूर्वी येणार होता. आणि मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकमधून ऑईल गळत होते. नवा सुटा भाग पनवेलच्या दुकानात तेव्हा शिल्लक नव्हता. आठवडाभर थांबा, असे दुकानदार म्हणाला होता.

दत्ता थांबला नाही.

त्याने त्या चाकाकडे जाणारी नळी सोडवली आणि तिच्या जागी एक बोल्ट ठोकून घट्ट आवळला. गळती बंद. उरलेल्या चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली की पेडल दगडासारखे टणक लागणार. घेणाऱ्याला काही समजायचे नाही. गाडी सपाटीवर धावेलही. पण भरल्या गाडीने उतारावर जोराने ब्रेक दाबला, तर ती एका अंगाला ओढणार.

हे दत्ताला पक्के ठाऊक होते.

सुनिताने खिडकीतून वाकून खाली पाहिले.

"आवो, त्या चाकाची नळी खाली लोंबते कशाला?"

"तुला काय करायचंय? तू दाब."

"चांगोच्या गाडीत वाडीच्या बाया बसनार हायत. त्याची बायको बुधी बसनार हाय. डोंगराचा उतार हाय तो."

"मंग तू जा चालवायला! मोठी मेकॅनिक झाली."

"मेकॅनिक नसंन मी. पन माजी लाज आजून शाबूत हाय," ती म्हणाली. "मी नाय दाबनार."

दरवाजा आपटला. तिचे पाय अंगणातून घराकडे गेलेले दत्ताने गाडीखालून पाहिले.

तो तसाच पडून राहिला. रागाने त्याचे कान तापले होते. वरून एक विमान घरघरत गेले आणि मग सगळीकडे शांतता पसरली.

थोड्या वेळाने...

दरवाजा उघडल्याचा आवाज आला. हलकेच. गाडी स्प्रिंगवर किंचित दबली. कोणीतरी सीटवर बसले होते.

दत्ता मनात हसला. आली वाटते नरमून!

"बसलीस? दाब."

पेडल कुरकुरले. सुनिता "धरलाय" म्हणेल म्हणून तो थांबला.

त्याऐवजी...

टक.

रुसली आहे, बोलायची नाही, असे त्याने मनाशी धरले आणि स्क्रू सैल केला. ऑईलबरोबर बुडबुडे बाहेर आले. त्याने स्क्रू आवळला.

"सोड."

पेडल सुटले.

"दाब."

टक.

काम झरझर होऊ लागले. सुनिता घाई करी आणि मध्येच पाय उचली, तसे मुळीच होत नव्हते. पाय जिथल्या तिथे, शांत, त्याच्या हाताशी जुळलेला. कित्येक महिन्यांत गाडीचे काम इतके सुरळीत झाले नव्हते. बुडबुडे थांबले.

"बस. झालं. उतर आता."

कोणी उतरले नाही.

पेडल पुन्हा दाबले गेले.

टक.

"झालं म्हनतो ना!"

पेडल सुटले. पुन्हा दाबले गेले. पुन्हा... आणि पुन्हा.

दत्ताच्या गालावर काहीतरी गार पडले. त्याने बोटाने पुसले. ऑईल होते. त्याने वर पाहिले. आपल्या हाताने ठोकून बंद केलेल्या त्या बोल्टाच्या कडेने एकेक थेंब पाझरत होता.

तो भडकला. जे शब्द मी येथे लिहू शकत नाही, ते शब्द त्याने वर बसलेल्या व्यक्तीला उद्देशून उच्चारले. सगळ्या आळीला ऐकू जातील एवढ्या मोठ्याने.

तेवढ्यात घराच्या मागच्या बाजूने सुनिताचा आवाज आला.

"आवो, कुनाला शिव्या देताय? मी हितं मागं भांडी घासते!"



वर कोणीतरी पेडल दाबले.

टक.

आणि मग त्याला वास आला. भाजलेल्या मिश्रीचा... कडू, करपट, ओळखीचा वास.

तो सरपटत बाहेर आला. दरवाजा सताड उघडा होता.

आत कोणी नव्हते.

पण पेडल खाली होते. तळापर्यंत दाबलेले. त्याच्या डोळ्यांदेखत ते सावकाश वर आले, जसा एखाद्याने बेताने पाय उचलावा. सीटच्या रेक्झिनवर बसल्याचा खळगा पडला होता. तोही हळूहळू भरून आला.

दत्ताला आधी भीती वाटली नाही, असे तो मला म्हणाला. आधी त्याला आपण दिलेल्या शिव्या आठवल्या.

त्याला सावरायला वेळ मिळाला नाही. फाटकाशी चांगोची हाक आली. त्याच्यासोबत त्याची बायको बुधी होती. तिच्या हातात झेंडूचा हार आणि नारळ होता. नवी गाडी घ्यायला आल्यागत दोघांनी धुतलेले कपडे घातले होते.

"दत्ताशेट, राम राम! उशीर नाय ना झाला?"

"बसून बघ," दत्ता कसाबसा म्हणाला.

"बघायचं काय त्याच्यात? तुमच्या आयची गाडी. ती माऊली आमच्या बुधीला बाजारात स्वतःजवळ बसवायची. दुसरं कोन बसू देतं आमाला?"

बुधीने हात जोडले. ते दत्ताला नव्हते, गाडीला होते.

"तरी बस," दत्ता म्हणाला.

चांगो लाजत सीटवर बसला. त्याने ब्रेकवर पाय ठेवला. दाबला. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण भुवया जवळ आल्या.

"शेट..."

"काय?"

"माज्या पायाखाली आजून कुनाचा तरी पाय हाय."

चांगो स्वतःच हसला. "पागल झालो मी उन्हात! आता बुधी म्हनंन, वाटेत पिऊन आलास कं?"

बुधी हसली नाही. ती दरवाजाजवळ गेली, तिने आत डोके घालून श्वास घेतला आणि दोन पावले मागे सरली.

सुनिता ओल्या हातांनी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती नवऱ्याकडे पाहत उभी राहिली. दत्ताला चांगोला एवढेच सांगायचे होते की एका चाकाचा ब्रेक बंद केला आहे, मी तुला फसवीत होतो. दत्ताचे ओठ हलले. पण बाहेर पडले ते दुसरेच.

"गाडी आज नाय देत. बारीकसं काम राह्यलंय."

चांगो घाईघाईने खाली उतरला.

"आमचीच चुकी, शेट. आमीच लवकर आलो. तुमी आमच्यासाठी एवढी मेहनत करताय आनि आमी डोक्यावर येऊन बसलो. माफी करा."

माफी त्याने मागितली. दत्ताने मागायची होती, ती चांगोने मागितली! हार परत कशाला न्यायचा, म्हणून जाताना तो त्यांनी गाडीच्या तोंडावर घातला.

ते वळणापलीकडे गेल्यावर सुनिता म्हणाली, "एक शब्द बोलवला नाय तुमच्याच्यान." तिने तांब्यातले पाणी तुळशीत ओतले आणि ती आत गेली.

पुढे आठवड्याभरात नवा भाग मिळाला. दत्ताने बोल्ट काढून फेकला, चाक नीट केले. हवा काढताना वर सुनिताच बसली होती आणि ती स्पष्ट "धरलाय" म्हणत होती. वेगळे काहीही घडले नाही. गाडी चांगोच्या वाडीला गेली.

हल्ली चांगो बाजारात भेटला की कौतुकाने सांगतो, "शेट, गाडी लय गुनाची हाय. उतारावर माजा पाय पोचायच्या आधीच ती धरते." दत्ता मान हलवतो. मागे एकदा बुधीने त्याला सरळ विचारले, "त्या दिशी काय राह्यलं होतं वो?"

"बारीकसं काम," दत्ता पुन्हा तेच म्हणाला.

मी त्याला समजावले. म्हटले, मावशी तुला पापापासून अडवायला आली होती, हे भाग्य समज. त्यावर तो जे बोलला, ते ऐकल्यापासून माझ्याही जिवाला स्वस्थता नाही.

"आडवायला आली आसंल, तर बरंच हाय, दादा. पन तिला कुटं खालचं दिसत होतं? मी दाब म्हनलो, तिनं दाबलं. नेमी दाबायची तसंच. पोराला मदत म्हनून आली आसंल, तर... मी माज्या मेल्या आयचा पाय त्या कामाला लावला."

यावर आपणांपैकी कोणापाशी उत्तर असल्यास मला अवश्य कळवावे. दत्ताला कळवू नये.

येथवर वाचण्याचे कष्ट आपण घेतलेत, त्याबद्दल आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
कमळाकर घरत
मु. गव्हाण, ता. पनवेल