खोलीत तीनच माणसं

मोबाइल उलटे ठेवा आणि मध्येच खिदळू नका, नाहीतर मी सरळ झोपायला जातो. ऐकीव काही सांगत नाहीये. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींचं आहे हे. वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्र लवकर गेला, पण नातं टिकलं.

त्या शुक्रवारी दुपारी वहिनी चष्मा घेऊन खाली आल्या. काडीचा स्क्रू पडला होता. "भाऊजी, संध्याकाळी निघायचंय. माझी सत्तरी म्हणून लेक दोन दिवस बाहेर नेतोय." शाळेची सहल निघावी तसा चेहरा. त्या मापाचा स्क्रू नेमका संपलेला. म्हटलं, राहू द्या, सोमवारी न्या. मग जुनाच चष्मा लावून गेल्या. मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि वहिनी. चार माणसं, हे लक्षात ठेवा.

रात्री नऊला त्यांचा फोन आला. होमस्टे कसला डोंबलाचा! नळाला गरम पाणी नाही, गादीला कुबट वास, खिडकी उघडली की समोर भिंत. एवढं सगळं सांगून म्हणाल्या, "आणि भाऊजी, दारावर पाटी आहे, खोलीत तीनच माणसं. मालकीण वही उघडून बसलेली. लेक घुटमळला. मीच म्हटलं, तीन लिही रे, मला धरूच नकोस. मी काय, खुर्चीतसुद्धा झोपेन."

"मग?"

"लिहिलं की त्यानं. मालकिणीनं विचारलं, नक्की तीन ना? एकदा लिहिलेलं मी खोडत नाही. हा म्हणाला, नक्की." वहिनी हसल्या. जरा जास्तच हसल्या.

शनिवारी सकाळी पुन्हा फोन. आवाज उतरलेला. नाश्त्याच्या टेबलावर तीन ताटल्या, तीन कप, तीन खुर्च्या. वहिनी उभ्याच. मालकिणीला दोनदा हाक मारली, तिनं मान वर केली नाही.

"लेकाला म्हटलं, अरे, एक ताटली माग. तो खातच राहिला. मोबाइलमध्ये डोकं असेल..."

"म्हणजे उपाशी आहात?"

"छे हो. भूक कुणाला आहे?"

मग शनिवारची रात्र. एक वाजून चाळीस मिनिटं. घड्याळ समोरच होतं.

"भाऊजी... ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"देवा... तुम्हाला तरी येतंय." रडत होत्या. "सुनेनं खुर्चीवर बॅग ठेवली. मी बसले होते, भाऊजी. माझ्या मांडीवर ठेवली. तिला... काही कळलंच नाही."

मी अंथरुणात उठून बसलो.

"संध्याकाळपर्यंत नात बघत होती माझ्याकडे. आता... तीही नाही."

"लेकाला उठवा."

"हलवून हलवून थकले. कूस बदलतो नुसता." मग दबक्या आवाजात, "तुमचा फोन घेईल तो. एवढंच सांगा, वहीत चार कर म्हणावं. आत्ता. सकाळी निघणार ते..."

ते निघणार, म्हणाल्या. आम्ही नाही.

आणि मी काय केलं? परक्या जागी झोप येत नसेल म्हातारीला, असं म्हटलं मनाशी. "वहिनी, झोपा आता. सकाळी बोलतो त्याच्याशी."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं," म्हणाल्या.

मी दिवा घालवला. झोपही लागली मला. सांगायला लाज वाटते, पण गाढ लागली.

सकाळी आठला मुलाला फोन केला. ते निम्म्या वाटेवर आले होते.

"आईला दे."

"कुणाला?"

"तुझ्या आईला, गाढवा!"

"काका, बरं आहे ना तुम्हाला? आम्ही तिघंच तर गेलो होतो. आम्ही आहोतच तिघं."

थट्टा नव्हती ती. त्याची थट्टा मला तो चड्डीत होता तेव्हापासून कळते. वर आपणहून सांगायला लागला, "जागा एकदम भंगार, काका. रात्रभर झोपमोड. कोपऱ्यात कुणीतरी बाई रडत होती, पार उजाडेपर्यंत. मालकिणीला झापलं मी. एकच स्टार दिलाय."

संध्याकाळी वर जाऊन आलो. वहिनींच्या खाटेच्या जागी चपलांचं कपाट. नवं नाही, वर्षानुवर्षांची धूळ बसलेलं. त्यांचा नंबर लावला, तर असा नंबरच नाही म्हणे.

चष्मा तेवढा माझ्याकडे राहिला. स्क्रू आला, बसवला, ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. सहा वर्षं झाली. रोज सकाळी काढतो, तेव्हा काचा ओल्या असतात. बाहेरून नाही, डोळ्यांकडच्या बाजूनं. पुसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा ओलं बोट जिभेला लावून पाहिलं.

खारट होतं.