न भरणारी टाकी

ही हकीकत मी माझ्या थोरल्या चुलत बहिणीकडून, म्हणजे ताईकडून, गेल्या वर्षी माझी पदव्युत्तर परीक्षा संपली त्या आठवड्यातल्या रविवारी, तिच्या स्वयंपाकघरात ऐकली. भावजी शेजारीच बसले होते. सांगताना ताई घाबरलेली नव्हती, वैतागलेली होती. हे मुद्दाम नमूद करतो, कारण भ्यालेल्या माणसाच्या साक्षीपेक्षा वैतागलेल्या माणसाची साक्ष मला अधिक विश्वासार्ह वाटते.

ताईचं संशोधन निर्वात पोकळीवर होतं. पाण्याच्या पिंपाएवढी एक पोलादी टाकी, तिला जोडलेले पंप आणि आत किती वायू उरला हे दाखवणारा मापक. टाकी शक्य तितकी रिकामी करायची, एवढंच काम. आणि तेच होत नव्हतं. आतल्या भागाला उघडं बोट लागलं, तरी त्याच्या तेलकटपणाची वाफ सुटत राहते. मग सगळं पुन्हा सोडवायचं, पुसायचं, टाकी तापवायची, सांधा न् सांधा तपासायचा. एवढं करून मापक त्याच जुन्या आकड्याशी अडून बसायचा.

"चार वर्षं मी 'काहीच नाही' मिळवायच्या मागे होते," ताई म्हणाली, "आणि तेसुद्धा मिळेना!"

"जे नाही ते मिळणार कसं?" भावजी तत्त्वज्ञान शिकवतात. "मिळालं की ते 'आहे' झालं. शिवाय हवा काढलीस तरी जागा उरतेच."

"जागा उरते, भिंतींची ऊब उरते, आणि तीही काढली तरी पोकळी आपली आपण थरथरत राहते. पूर्ण शून्य नसतंच, हे मलाही ठाऊक आहे. पण डब्यात साखर नाही, हे मात्र शंभर टक्के खरं आहे. ती आण जा."

भावजी जागचे हलले नाहीत.

ताईच्या मार्गदर्शक सरांना विद्यार्थी पाठीमागे 'जमदग्नी' म्हणत. शिष्यवृत्ती संपत आली होती, प्रबंधावर सरांची सही हवी होती, आणि सरांचं उत्तर ठरलेलं होतं: "आधी आकडा दाखव. तोवर तोंड दाखवू नकोस."

मग एका शनिवारी दुपारी, इमारतीत फारसं कुणी नसताना, मापक हलला. अडलेला आकडा सोडून खाली आला, आणखी खाली आला, आणि शून्यावर जाऊन थांबला. ताईला आनंद झाला नाही, संताप आला. मापक बिघडला, असं गृहीत धरून तिने सरांना बोलावलं.

"शून्य? शून्य कधी येतं का गं? अक्कल काय गहाण टाकलीस?"

खात्री करण्याची रीत सोपी आहे. पंपांकडची वाट बंद करायची आणि टाकीत हळूहळू नायट्रोजन सोडायचा. मापक ठीक असेल तर आकडा चढतो. ताईने झडप उघडली. नळीतून फुसफुस सुरू झाली. आकडा चढला नाही. तिने झडप आणखी उघडली. एका सिलिंडरातल्या वायूने अशा कितीतरी टाक्या भरतात. तो सिलिंडर संपला. तिने दुसरा जोडला.

"गळतंय कुठेतरी!" सर ओरडले.

"नाही सर... बाहेर काहीच येत नाहीये."

टाकी एव्हाना फुटायला हवी होती. ती थंडगार होती. मग फुसफुस थांबली. सिलिंडरचा काटा मात्र उतरतच होता. वायू जात होता, पण त्याचा आवाज आता खोलीत उरत नव्हता. सरांनी चिडून टाकीला कान लावला, आणि तो बराच वेळ तिथून हलवला नाही.

"सर... बंद करू?"

"राहू दे..." ते हळू म्हणाले. इतकं हळू बोलताना ताईने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, सरळ उभे राहिले, तिच्या टेबलावरचा प्रबंध ओढला आणि एकही पान न उघडता सही केली. "छान झालंय," म्हणाले.

ताईने झडप बंद केली. टाकी अजून बंदच आहे. तिला पदवी मिळाली. सर त्यानंतर कुणावरही रागावलेले नाहीत; जे विचारावं त्याला 'हो' म्हणतात. नव्या विद्यार्थ्यांना ते देवमाणूस वाटतात.

"मी एकदा मुद्दाम चुकीचं गणित नेऊन दाखवलं," ताई म्हणाली. "म्हटलं, आता तरी फाडून खातील. 'हो' म्हणाले. अरे, ही सही मी कुणाकडून घेतली तेच मला कळत नाही. एकदा खेकसू देत ना माझ्यावर... पदवी परत करीन मी."

भावजी उठून साखर आणायला गेले.

मी जमेल तेवढं तपासलं. दोन सिलिंडर त्या दुपारी संपले, हे भांडारातल्या माणसाने सांगितलं. मापक नंतर तपासला गेला. तो निर्दोष होता. राहिली ती ताईने दारापर्यंत सोडायला आल्यावर सांगितलेली गोष्ट: सरांचा श्वास आत जाताना दिसतो, बाहेर येताना तिने पाहिलेला नाही.

त्यासाठी मी सरांना भेटायला गेलो. खोलीच्या खिडक्या बंद होत्या, पंखा बंद होता. मी प्रवेशाबद्दल काहीबाही विचारत राहिलो. ते हसत 'हो' म्हणत राहिले. माझी नजर त्यांच्या छातीवर होती. ती वर आली. मी ती खाली जाण्याची वाट पाहिली. मग त्यांनी, खुर्ची जवळ घे, अशी खूण केली. मी थोडा पुढे सरकलो, आणि माझ्या कपाळावरचे केस सावकाश उचलले जाऊन त्यांच्या दिशेने वळले.

मी उठून आलो. त्यामुळे एवढा एक भाग मला पडताळता आलेला नाही.