एत्रुस्कन देवांची चोरी

"शामलाताई, माझे एकसष्ट देव चोरीला गेले," आखातातल्या मंगफ गावी आपल्या फ्लॅटचं दार उघडत उदय म्हणाला.

गुरुप्रसादला हसू आलं, पण बायकोने, शामलाने, डोळे वटारताच त्याने ते गिळलं. शामला इस्पितळात रक्त तपासायची आणि फावल्या वेळात ओळखीच्यांची कोडी सोडवायची. तो तिच्यामागे पिशवी धरून फिरायचा आणि त्यातच खूश असायचा.

उदय तेल कंपनीतला इंजिनिअर, पण वेड इटलीतल्या प्राचीन एत्रुस्कन लोकांचं. त्यांच्या देवांची नावं कुठून आली, हे त्याने आठ वर्षं कार्डांवर मराठीत टिपलं होतं. त्याचा मित्र हारून आज संध्याकाळी ती कार्डं रोमच्या एका मराठी जाणणाऱ्या प्राध्यापकांकडे नेणार होता. नक्कल नव्हती.

दारामागे चपलांशेजारी जोड्यांचा खोका होता. तळाशी थोडी कार्डं उरली होती. शामलाने एक उचलून हुंगलं. ‘वीर : हेर्क्ले. ग्रीकांकडून.’ कोपऱ्यावर पिवळसर बोट उमटलं होतं.

"गेलेल्यांवर काय होतं?"

"‘देव : तिनिया. घरचं नाव.’ ‘देव : आप्लू. ग्रीकांकडून.’ ‘देवी : मेन्र्वा. शेजारच्या भाषेतून.’ अशी."

शामलाची नजर वळताच तिथेच बसलेला, वरच्या मजल्यावरचा शत्रुघ्न खवळला. "सगळी नावं ग्रीकांचीच, असं मी याच्या तोंडावर म्हणतो. चोरी कशाला करू?"

"मी तर न्यायलाच बसलोय," हारून म्हणाला.

"आणि त्या मावशी?" शामलाने स्वयंपाकघराच्या दारातल्या म्हातारीकडे बघत विचारलं.

"द्वारकामावशी? ती कालच नाशिकहून आली. तिला यातलं काय कळतंय?"

शामला खुर्चीत टेकली. "शत्रुघ्नरावांना घरची नावं आडवी येतात. त्यांनी तेवढीच नेली असती. पण त्यांच्या सोयीचा आप्लूही गेला, आणि तसाच ग्रीकांकडचा हेर्क्ले मागे राहिला. म्हणजे नेणाऱ्याने उगम पाहिलाच नाही, फक्त पहिला शब्द वाचला. देव उचलले, वीर ठेवला. त्या डागाला चंदनाचा वास आहे. पूजा करून उठलेल्या कुणाला जोड्यांच्या खोक्यात देव बघवतील, उदयराव?"

गुरुप्रसादने स्वयंपाकघरातलं देवांचं कपाट उघडलं. बाळकृष्णामागे चोळीच्या कोऱ्या खणात बांधलेली एकसष्ट कार्डं होती, पुढे चिमूटभर साखर.

उदयचे डोळे भरून आले. "मावशी, बोलली का नाहीस गं?"

"सकाळपासून वरखाली पळतोयस. मला कुणी विचारलं?" द्वारकामावशी म्हणाल्या. "ते कुठून आले ते तुम्ही शिकलेले शोधा. आपल्या घरी आलेत ना? मग चपलांत कशाला?"

त्यांनी खणाची गाठ पक्की केली आणि पुडकं हारूनच्या हातात दिलं. "पायाशी ठेवू नकोस हो बाबा."

रोमपर्यंत त्याने ते मांडीवरच ठेवलं, असं पुढे त्याच्या पत्रातून कळलं.