ग्रहणाच्या चष्म्यांची चोरी

"अरे, हळू काप मिलेन! चष्मे करायचेत, कोशिंबीर नाही!"

"माझी कोशिंबीरही अशीच होते, आई रोज सांगते," मिलेन म्हणाला आणि त्यानं चंदेरी फिल्मचा आणखी एक वाकडातिकडा तुकडा राडाकडे सरकवला.

आज दुपारी ग्रहण! ब्रेझ्नाच्या शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमणार होतं. राडाचे स्तामेन मामा भूगोलाचे मास्तर आणि गावच्या आकाशनिरीक्षण मंडळाचे प्रमुख. आलेल्या प्रत्येकाला पुठ्ठ्याचा चष्मा देईन, असं त्यांनी महापौर बाईंना कबूल केलं होतं. कबूल मामांनी केलं आणि चिकटवण्याचं काम पडलं राडा आणि तिचा दोस्त मिलेन या सुट्टीतल्या पोरांच्या गळ्यात!

मामांची आठ वर्षांची मुलगी बिसेरा टेबलाच्या टोकाशी सूर्याचं चित्र काढत बसली होती. सुट्टी लागल्यापासून तिला एकच वेड. अंगणात मुलांसाठी ठेवलेल्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावायचा आणि सूर्यावरचे डाग कागदावर उतरवायचे. मामांनी याच नव्या फिल्मचं झाकण त्या दुर्बिणीच्या तोंडावर बसवून दिलं होतं.

"ताई, माझ्या चित्रावर खोडरबर कोण फिरवतंय?" बिसेरा म्हणाली.

"कोणी नाही गं. कुठे?"

"मधेच. मी डाग काढते आणि तो जातो. पुन्हा काढते, पुन्हा जातो."

राडानं कागद ओढून घेतला. कडेचे डाग नीट, टपोरे. मध्यभागी मात्र तिनं एकाच जागी इतक्यांदा पेन्सिल गिरवली होती की कागद फाटून भोक पडलं होतं.

"वा! ग्रहण आधीच लागलं की!" मिलेन हसला. राडा हसली नाही. तेवढ्यात बिसेरानं ताकाचा ग्लास उचलायला हात पुढे केला, तो नेम चुकून ग्लासाच्या कडेला आपटला आणि ताक टेबलभर झालं.

"चष्मा हवाय तिला!" स्वयंपाकघरातून मामी ओरडल्या. "शेजारच्या पोरीला गुलाबी फ्रेमचा मिळाल्यापासून हेच नाटक चाललंय!"

राडानं चौकोनी घरं आखलेला एक कागद बिसेरासमोर धरला, तिचा उजवा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, "मधल्या घराकडे बघ. काय दिसतं?"

"कडेची घरं दिसतात. मधलं नाहीये."

"काळं दिसतंय का?"

"नाही गं. नाहीच आहे ते."

उजव्या डोळ्याचंही तेच; भोक फक्त जरा लहान.

"सूर्य बघताना डोळा दुखला होता का, बाळा?"

बिसेरानं इथल्या रीतीप्रमाणे मान वर-खाली करून 'नाही' म्हटलं. मिलेननं कात्री खाली ठेवली.

मामांच्या कपाटात मागच्या ग्रहणाचा एक विकतचा चष्मा होता. राडानं तो डोळ्याला लावला आणि टेबलावरच्या दिव्याकडे पाहिलं. अंधार! मिट्ट! मग नवा चष्मा लावला. दिव्याचा अख्खा गोल समोर उभा राहिला.

"दोन्ही चष्मे सूर्याचेच," मिलेन कुजबुजला. "मग एकातून दिवा दिसतो आणि दुसऱ्यातून नाही, असं कसं?"

"ग्रूपवर विचारू या का?"

"कोणत्या? तुझ्या मामांच्या त्या भांडकुदळ ग्रूपवर?"

राडानं मान आडवी हलवून होकार दिला आणि फोनवर प्रश्न लिहिला: 'सूर्य बघायच्या फिल्ममधून खोलीतला दिवा दिसणं बरोबर आहे का?'

देशभरच्या आकाशवेड्यांचा तो ग्रूप. सकाळपासून तिथे दोघा काकांची दुर्बिणीच्या तिवईवरून जुंपली होती. एकाला लाकडी हवी, दुसऱ्याला लोखंडी. 'आधी जुन्या चर्चा वाचा, मग विचारा,' एकानं राडाला झापलं. 'नियम क्रमांक चार!' दुसरा म्हणाला. 'लाकूड हलत नाही, साहेब!' तिसरा भलतीकडेच. राडा फोन ठेवणार, तोच प्लोव्दिवच्या येलित्सा नावाच्या बाईंचं उत्तर आलं.

'दिवा स्पष्ट दिसतो? मग ती कॅमेऱ्याची फिल्म आहे! ती फार जास्त उजेड आत सोडते. कोणाच्याही डोळ्याला लागू देऊ नका! डोळ्याचा पडदा जळताना दुखत नाही, कळतच नाही. कोणी बघितलंय का त्यातून?'

राडानं फोन खिशात कोंबला.

दोघं धावत पटांगणात गेली. मामा आपल्या मोठ्या दुर्बिणीला कॅमेरा जोडत होते. शेजारच्या पडद्यावर सूर्य लख्ख उमटला होता.

"कॅमेऱ्याची फिल्म? अगं, मी स्वतः व्हिएन्नाच्या जत्रेतून आणलीय, दुर्बिणींच्या! हे चित्र बघ, कसं सुरेख येतंय!"

"कॅमेऱ्यात येतंय, मामा! तुम्ही स्वतः डोळा लावून बघितलंत का?"

"मला काय गरज? माझ्याकडे पडदा आहे."

"पण बिसेराला मधलं दिसत नाहीये!"

"तिच्या आईनं सांगितलंय मला, नाटक आहे ते. चल, वेळ नाही. खोकं घेऊन ये लवकर!"

राडा मागे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज थंड होता. "मिलेन, खोकं आणायचं नाही. चोरायचं."

"तुझे मामा मला सोलतील!"

"सोलू देत."

मिलेनच्या तळघरात कोबी आंबवायचं निळं पिंप उन्हाळ्यात रिकामंच असे. सगळे चष्मे त्यात ओतले आणि वरून नळ सोडला. उरलेली फिल्मही चुरगळून आत कोंबली. मग अंगणातली छोटी दुर्बीण.

"हिच्यावरची फिल्म काढून टाकू?" मिलेननं हात घातला.

"वेडा आहेस का? उघड्या दुर्बिणीला कोणी डोळा लावला तर क्षणात जाईल!" राडानं दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंगच काढून खिशात टाकली. "आता लावा म्हणावं डोळा!" जाता जाता तिनं मामींच्या ओट्यावरची मोठी चाळण उचलली. दुसऱ्या हातात बिसेराचा हात घट्ट धरला होता.

दुपारी पटांगण फुलून गेलं. आज्या पेटीभर जर्दाळू घेऊन आल्या होत्या, पोरं आतापासूनच डोळे चोळत वर बघायला टपली होती.

"चष्मे कुठायत?" महापौर बाईंनी विचारलं.

"चष्मे कुठायत?" मामा राडावर कडाडले.

"लोणच्यात!" मिलेन बोलून गेला. "म्हणजे... कोबीच्या पिंपात. पाण्यात."

मामांचा चेहरा लालबुंद झाला. "गावासमोर माझं नाक कापलंस! माझ्याच भाचीनं!"

"मामा, मला एकच सांगा," राडा म्हणाली. ती जागची हलली नाही. "दुकानदारानं तुम्हाला काय विचारलं होतं?"

"काय विचारणार? जर्मनमध्ये काहीतरी. 'डोळ्यांसाठी का?' एवढं कळलं मला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणायचं काय त्यात? मान हलवली."

"कशी हलवली? दाखवा ना."

मामांनी वैतागून मान आडवी हलवली. डावीकडे, उजवीकडे. आपल्याकडे कोणीही 'हो' म्हणताना हलवतो, अगदी तशी. आणि ती मधेच थांबली.

"तिकडे त्याला 'नाही' म्हणतात, मामा," राडा हळूच म्हणाली. "त्याला वाटलं, डोळ्यांसाठी नको. म्हणून त्यानं कॅमेऱ्याची कापून दिली."

मामांनी बिसेराकडे पाहिलं. तिच्यासमोर गुडघे टेकले आणि आपला चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणला.

"बाबांचं नाक कुठे आहे, सांग बरं."

बिसेरा घाबरून गेली. "कान आहेत," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही रागावणार नाही ना? कान आहेत."

मामांनी तिला उचललं आणि ते गाडीकडे धावत सुटले. वाटेत मोठी दुर्बीण कलंडली. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

ग्रहण कोणासाठी थांबत नाही! राडानं नाक पुसलं आणि बाकावर चढली. "सगळ्यांनी सूर्याकडे पाठ करा! वर बघायचं नाही! भिंतीकडे बघा!" तिनं चाळण उंच धरली. शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर चाळणीच्या प्रत्येक भोकातून एकेक छोटा सूर्य उमटला, आणि प्रत्येकाची एक बाजू कुरतडलेली! पोरं ओरडली. राडाचे हात भरून आले, मग मिलेननं चाळण धरली. ग्रहण सुटेपर्यंत एकाही पोरानं वर पाहिलं नाही. महापौर बाई पोरांकडे तोंड करून स्वतः पहाऱ्याला उभ्या होत्या.

सोफियाच्या डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. "उजवा डोळा बराचसा सुधारेल," त्या म्हणाल्या. "डाव्याचं सांगता येत नाही. वाट बघायची."

महापौर बाई घरी येऊन राडाला म्हणाल्या, "आज गावातली बाकी सगळी पोरं धडधाकट आहेत, ती तुझ्यामुळे. तू आमचं ऐकलं नाहीस हे फार बरं केलंस. आणि तूही रे, लोणचेवाल्या!" मिलेनचे कान लाल झाले. राडानं आभार मानले आणि हातातला जर्दाळू न खाताच खाली ठेवला.

त्या आठवड्यात मामांनी ग्रूपवर लिहिलं, 'तोंडानं एक शब्द बोललो असतो, तर माझी मुलगी आज चित्र काढत असती. माझ्या भाचीनं तुम्हाला प्रश्न विचारला, तेव्हा आपण तिला नियम दाखवला. यापुढे मुलांच्या प्रश्नाला आधी उत्तर, मग नियम.' येलित्साबाईंनी लिहिलं, 'राडाला माझा नमस्कार सांगा.'

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला उजव्या डोळ्यातलं मधलं घर परत आलं. डाव्यातलं आलं नाही.

एका संध्याकाळी मामा अंगणात बिसेराला काहीतरी शिकवत होते. राडा दारात थबकली. आकाशातला अंधूक तारा बघायचा असेल, तर सरळ त्याच्याकडे बघायचं नसतं. नजर जराशी बाजूला ठेवायची, मग तो दिसतो. आकाशवेड्यांना ही युक्ती पहिल्याच वर्षी शिकवतात. मामांनी बिसेराचा उजवा डोळा झाकला होता.

"आता माझ्या कानाच्या पलीकडे बघ. त्या अक्रोडाच्या झाडाकडे. माझ्या चेहऱ्यावर काय दिसतं?"

बिसेरानं नजर झाडावर ठेवली.

"दिसलं," ती म्हणाली. "बाबा, ओठ चावू नका ना. रक्त येईल."