सादड्याची साल

वडूजपासून सात-आठ मैलांवरच्या एका वाडीत नाथाजी राहायचा. फौजेत अठरा वर्षं ट्रक चालवून तो घरी आला, तेव्हा त्याची बायको विजयमाला उंबऱ्यापासून चुलीपर्यंत जाताना दोनदा खाली बसत होती. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला होता, त्यानं काळजाची झडप खराब केली, असं सांगलीत विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी नळी लावून सांगितलं होतं. ऑपरेशन मुंबईला होणार होतं, पण ते सोसण्याएवढा दम तिच्यात हवा होता. तो नव्हता. ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपायची.

तिला थोडाफार आराम पडायचा तो भामाबाईच्या सालीनं. भामाबाई ही वाडीतली सत्तरीची सुईण. ओढ्याच्या काठाला एक जुना अर्जुनसादडा होता, पांढरट बुंध्याचा, तिघांच्या कवेत न मावणारा. महिन्यातनं एकदा ती त्याची तळहाताएवढी साल आणायची आणि दुधात उकळून द्यायची. काळजाच्या दुखण्यावर सादड्याची साल, हे त्या भागात कुणीही सांगेल. पण या झाडाला लोखंड लावायचं नाही, हातानं सुटेल तेवढीच साल घ्यायची आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत माघारी फिरायचं, हेही प्रत्येकजण सांगे. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याचं काम निघालं, तेव्हा आखणी नेमकी त्या झाडावरनं गेली होती. मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. साहेब दोन दिवस ओरडला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच दोरी सरकवून घेतली. रस्ता अजून तिथं वळसा घेतो.

शहात्तरच्या वैशाखात विजयमालाच्या पायांना सूज आली. नाथाजी भामाबाईच्या दारात जाऊन बसला.

“काकू, औंदा जरा जास्त साल आणा की. तळहातभर सालीनं काय हुतंय?”

“झाड दील तेवढीच घ्यावी, लेकरा.”

“आन् मी घेतली तर?”

वाती वळणारा तिचा हात थांबला. “त्यात ऱ्हात्यात ती, आपल्यातनं गेल्याली... त्यांची नावं आमी घेत न्हाई. ती देत्यात, न्हाई म्हनत न्हाईत. पर कुनाचं काय आन् किती, ते त्यांच्याकडं ऱ्हाऊ दे.”

नाथाजीनं लढाई पाहिली होती. झाडाला भिण्याचं त्याचं वय नव्हतं. आणि घरात रोज ऐकू येणारी बायकोची ती धाप... तळहातभर सालीनं महिना निघतो, तर सगळ्या सालीनं जन्म का निघू नये? दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, तो कोयता आणि पोतं घेऊन ओढ्यावर गेला.

ऊन पांढरं झालं होतं. सादड्याच्या सावलीत पाय टाकला आणि किरकिरणारे किडे एकदम गप्प झाले. ओढा कोरडा ठणठणीत, तरी कुठनंतरी ओलसर वास येत होता. बाळंतिणीच्या खोलीत असतो तसला, धुरीचा आणि दुधाचा. त्यानं बुंध्यावर हात टेकला. हाताखाली काहीतरी ठोकत होतं. आपलीच नस असंल, म्हणून त्यानं दुसरा हात आपल्या छातीवर ठेवला.

दोन्हीचे ठोके वेगळे होते.

तरी त्यानं कोयता घातला. साल उकडलेल्या बटाट्याची सुटावी तशी सुटत गेली. आतून लालसर, ओली. तो बुंध्याभोवती फिरत राहिला, पोतं भरत राहिलं. अखेर चार बोटांची एकच पट्टी उरली, तेव्हा आतला ठोका अडखळला. दोन पडायचे, एक चुकायचा. ती चाल त्याच्या ओळखीची होती. कितीक रात्री विजयमालाच्या पाठीला कान लावून त्यानं ती ऐकली होती.

बुंध्याच्या पलीकडनं कुणीतरी हळूच विचारलं, “किती?”

पळावं असं वाटलं, पण विजयमालाचे सुजलेले पाय डोळ्यांपुढं आले.

“समदं,” तो म्हणाला. “समदं पायजे...”

त्यानं शेवटची पट्टी ओढली. ठोका थांबला. तो बुंध्याला वळसा घालून गेला. पलीकडं कुणी नव्हतं.

पोतं पाठीवर टाकून तो धावत घरी आला, तर दारात विजयमाला डोक्यावर भरलेला हंडा घेऊन उभी.

“आवं, कुठं गेलावता उनाचं? हात-पाय धुवा, भाकरी टाकते.”

पायांची सूज उतरली होती. आवाजात धाप नव्हती. तो तिच्याकडं बघतच राहिला, आणि मग लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी भामाबाई आली. उंबऱ्याबाहेरनंच तिनं विजयमालाकडं पाहिलं, मग पोत्याकडं.

“साल पाजलीस तिला?”

“अजून न्हाई, काकू.”

“मग ती उठली कशी?”

भामाबाई पदर तोंडाला लावून आल्या पावली माघारी गेली. त्या घराची पायरी ती पुन्हा चढली नाही.

विजयमाला आता पाठ टेकून, निवांत झोपे. इतकी निवांत, की नाथाजी अंधारात तिच्या नाकापाशी बोट धरून बसे. म्हैस तिला जवळ येऊ देईना. तिचा हात हातात घेतला तर ओढ्यातल्या दगडासारखा गार लागे. पण ती हसायची, गाणी म्हणत दळायची. लग्नाच्या नऊ वर्षांत त्यानं तिला असं पाहिलं नव्हतं. नको ते मनात आणायचं नाही, असं तो स्वतःला बजावी. तरी पंधरा दिवसांनी तिला घेऊन त्यानं सांगलीची एस.टी. धरलीच. वाटेत आष्ट्याच्या स्टँडवर ती आपण होऊन खाली उतरली आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आली.

डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं. “चेहरा छान दिसतोय,” म्हणाले आणि नळी लावली. ऐकलं. जागा बदलली, पुन्हा ऐकलं. नळीवर टिचकी मारली, ती स्वतःच्या छातीला लावून पाहिली, मान हलवली. मग तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि बराच वेळ नाडी शोधत राहिले.

“काय वो, डॉक्टर?” नाथाजीनं हळू विचारलं.

त्यांनी बोटानं गप्प राहायला सांगितलं. तिच्या मागं जाऊन पाठीवर नळी टेकवली आणि डोळे मिटले. खोलीत नुसता पंखा फिरत होता.

एकाएकी डॉक्टरांनी मान वर केली. घरातनं कुणी हाक मारावी तसे ते दाराकडं वळले आणि मऊ आवाजात म्हणाले, “आलो, आई...”

दारात कुणी नव्हतं.

कानातली नळी काढायला त्यांचे हात वर गेले.

“डॉक्टर... तुमी कुनाला...?”

“माझी आई,” ते म्हणाले. “मी सात वर्षांचा असताना गेली ती.”

विजयमालानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं खांद्यावरचा पदर नीट केला.

“नळी काढू नगा, डॉक्टर,” ती म्हणाली. “तिचं अजून सांगून झालं न्हाई.”