येईल त्या प्रश्नाला हो

पूर्णा गावच्या त्या गोदामात दिवसभर माल चढत-उतरत असतो, काम थांबवलेलं कुणाला परवडत नाही. म्हणून मालक केसरीनाथशेठनी क्षितिजाला जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी बोलावलं. ती अंजूरची, भिवंडीत तिचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. आपल्याला लोक बोलावतात ते बाकी सगळे उपाय थकल्यावर, हे तिला पाठ होतं. इथंही बंद पडलेल्या कॅमेऱ्याच्या कंप्युटरवर आधी तिघांनी हात चालवून घेतले होते. एकानं वायर बदलली, एकानं बॅटरी, ऑफिसातल्या दीपेशनं तर कंप्युटरखाली स्टूलच नवं ठेवलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

गेटजवळ एक बाई उकिडवी बसली होती. तिच्यापुढं पुरुषाच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला नीट जोडीनं ठेवलेल्या. आत बूट घालावे लागतात म्हणून हमाल चपला गेटवरच काढतात.

"ही सोनी," शेठ आवाज उतरवून म्हणाले. "हिचा नवरा जान्या आपल्याकडं हमाल. आठ दिवस झाले. सकाळी गेटवरच्या मशीनला तोंड दाखवून आत गेला, बाहेर गेल्याची नोंदच न्हाय. रॅक न रॅक हलवून बघितला. पोलीस पण येऊन गेले. कॅमेऱ्यात काय ते दिसलं असतं, तर त्याच दुपारी कंप्युटर बसला."

"मग फॉरमॅट नाही ना मारला कुणी?"

"दीपेश मारणार होता. हिनं पाय धरले त्याचे."

सोनीनं मान वर केली. "ताई, माजा माणूस त्यात हाय. पुसू नका."

क्षितिजा तिच्याजवळ वाकली. "नाही पुसणार," ती म्हणाली.

कंप्युटरची खोली गोदामाच्या पार टोकाला, बिनखिडकीची. बाहेर ऊन रणरणत होतं आणि इथं ट्यूबलाइट लावून बसायचं. हमाल जेवायला गेले, शटर अर्धं खाली आलं, आणि एवढं मोठं गोदाम गप्प झालं. पुठ्ठ्याच्या वासात आणखी एक वास होता, खाडीलगतच्या खाजणातल्या चिखलाचा. इथलं खाजण भराव टाकून बुजवल्याला बारा वर्षं झाली होती.

यंत्र लिनक्सवर चालणारं. सुरू होताना ते आपली डिस्क तपासायचं, तपासणीत नापास व्हायचं आणि काळ्या पडद्यावर सांगायचं, मला हे जमत नाही, माणसानं हातानं तपासावं. क्षितिजानं हातानं तपासणी सुरू केली. पडद्यावर पहिला प्रश्न आला. एक फाइल सापडली आहे, ती कुठल्याच फोल्डरमध्ये नाही. परत जोडू का?

तिनं हो म्हटलं. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा हो. वीसेक प्रश्न तिनं नीट वाचले. मग घड्याळ बघितलं, एक वाजला होता, आणि प्रश्न संपायची काही चिन्हं नव्हती. तेव्हा तिनं तेच केलं, ज्यावरून ती दुसऱ्यांना झापायची. येईल त्या प्रश्नाला माझं उत्तर हो समज, असा हुकूम तिनं यंत्राला दिला आणि हात काढून घेतले.

ओळी भराभर वर सरकू लागल्या. परत जोडू का? हो. हो. हो. चिखलाचा वास मात्र वाढत चालला, इतका की तिनं ओढणी नाकाला लावली.

यंत्र सुरू झालं. सापडलेल्या सामानाच्या फोल्डरमध्ये शेकडो रिकामे तुकडे होते आणि एकच धड फाइल, कॅमेऱ्याची. तिनं सोनीला आत बोलावून घेतलं, कारण ते आधी बघायचा हक्क तिचा होता.

चित्रात जान्या दोन रॅकमधून पाठीवर खोकं घेऊन चालला होता. दुपारची वेळ. मध्येच तो थांबला. कुणी हाक मारावी तशी मान वळवली. आवाज नव्हता, पण ओठ स्पष्ट दिसले.

"ओ म्हणला..." सोनी पुटपुटली.

खोकं खाली ठेवून तो मागच्या भिंतीकडं गेला. तिथं वाट नाही. पुढं चित्रही नव्हतं.

खाडीकाठच्या पोराला बोलायला येतं तेव्हाच शिकवतात, भर दुपारी नावानं हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं जे काही असतं, त्याला तिसरी मारता येत नाही. जान्यालाही हे ठाऊक असणार. पण गोदामात मुकादम दिवसभर नावानं बोलावतो, आणि पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर शिव्या घालतो. चार वर्षांत जान्याची सवय मोडली होती.

"सोने..."

हाक रॅकच्या अंधारातून आली. हळू, थकलेली.

सोनीचं तोंड उघडलं. क्षितिजानं तिचं मनगट घट्ट धरलं. "थांब. तिसरी येऊ दे..."

"सोने..."

"त्याचाच आवाज हाय, ताई..." सोनीच्या गालावरून पाणी वाहत होतं. दोघी श्वास धरून उभ्या राहिल्या. तिसरी हाक आली नाही.

आली ती गेटवरून हजेरी मशीनची ठरलेली वाणी. "थँक यू." कुणी तोंड दाखवलं की ती तसं म्हणते.

त्या धावत गेटवर गेल्या. वॉचमन बाळाराम गडबडून उभा राहिला. कुणीच गेलं नाही म्हणाला. मशीनवर मात्र नोंद होती, जान्या, बाहेर, एक वाजून चौदा मिनिटं. आणि चपला जागेवर नव्हत्या.

"सुटला!" सोनी रडत-हसत पाड्याच्या वाटेनं पळत सुटली. क्षितिजाला मनातून बरं वाटलं. तिनं काम केलं होतं, एक माणूस मोकळा झाला होता.

दिवेलागणीला तिनं हे सगळं आईला सांगितलं. आख्खं अंजूर तिच्या आईला आक्का म्हणतं. आक्का मासळी साफ करत होती. तिचा हात थांबला.

"हाका किती आल्या?"

"दोनच. आम्ही ओ दिली नाही."

"त्याच्या आधी कुणी विचारलं होतं काय? परत आणू का म्हणून?"

क्षितिजाला त्या भराभर सरकणाऱ्या ओळी आठवल्या.

तेवढ्यात फोन वाजला. सोनी होती, कुणाच्या तरी मोबाइलवरून, अगदी हळू बोलत.

"ताई, तो आलाय... जेवला न्हाय. पोरांकडं बघत पण न्हाय. भिंतीकडं तोंड करून बसला होता. एकच विचारत होता, मला हो कोण म्हणलं..."

"मग?"

"मी तुमचं नाव सांगितलं." तिचा आवाज आणखी खाली गेला. "आता तो घरात न्हाय, ताई. चपला दारातच हायत."

आक्कानं उठून दाराला कडी घातली. मग पहिली हाक यायच्या आतच, मासळीच्या हातानं लेकीचं तोंड दाबून धरलं आणि तिच्याजवळ बसून राहिली.