तळं कुणाला सांगायचं

पुलावर माणूस पालथा पडला होता.

जूनचा पहिला आठवडा, वितळलेल्या बर्फाचं पाणी पुलाखालून धडधडत चाललेलं, आणि हा कमरेपासून वरचा सगळा कठड्याबाहेर लोंबकळतोय! मी पिकअप रस्त्यातच सोडली, धावत गेले आणि त्याचे दोन्ही घोटे धरून जिवाच्या आकांतानं मागे ओढलं.

"अहो! ऐकू येतंय का? अहो!"

तो उठून बसला. नाक खरचटलेलं, केसांत लाकडाच्या ढलप्या, आणि डोळे... खोल पाण्यातल्या गोट्यासारखे हिरवे.

"मला येतंय," तो म्हणाला. "तिलाही आलं. गेली ना पळून!"

"कोण?"

"ट्राउट. वीस इंचांची असेल. खांबाच्या सावलीत उभी होती. अर्धा तास श्वास धरून बघत होतो."

"तुम्ही मासा बघत होतात?" माझा आवाज चिरकला. "मला वाटलं, तुम्ही मेलात!"

"मेलो नव्हतो," माझ्याकडे बघत तो म्हणाला. "आत्ता... शंका येतेय."

मी पिकअपमध्ये जाऊन बसले. घरी पोचेपर्यंत कान गरम होते.

त्याचं नाव ऑरेन उगाल्दे. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दुकानात आला. काठ्या, गळ, दोरे, गळाला लावायला बाबानं हातानं बांधलेल्या पिसांच्या माश्या, एवढंच आम्ही विकतो. मोंटानाच्या या कोपऱ्यात तेवढ्यावर घर चालतं.

"काय करता तुम्ही?" मी विचारलं.

"मासे मोजतो."

मी खो-खो हसले. इथे येणारा प्रत्येक पुरुष मासेच मोजतो, आणि मोजताना दोनाचे पाच करतो!

"ट्राउट धरायला कुठं जाऊ?"

आता, आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर एकदम देत नाहीत. पहिल्यांदा विचारणाऱ्याला हमरस्त्याकडेचं धरण सांगायचं. तिथून नाक भाजून आला, रिकाम्या हातानं आला, तरी हसत आला, तर पुलाखालचा डोह. त्याहून टिकला तर वरच्या खोऱ्यातला ओढा. आणि तळं...

तळं कुणालाच नाही. दोन सुळक्यांच्या मध्ये, खिंडीपलीकडे, नाव नसलेलं. शेंदरी पोटाच्या ब्रुक ट्राउटनी भरलेलं. ते फक्त लग्नाच्या माणसाला सांगायचं. बाबानं आईला सांगितलं होतं, तिथंच तिनं हो म्हटलं होतं. गावात आमच्या घराबद्दल म्हणायचे, ट्वेटांनी तळं दाखवलं की पत्रिका छापायला टाका.

मी ऑरेनला धरण सांगितलं.

चार दिवसांनी तो आला. नाकाचं पार टोमॅटो झालेलं.

"काही लागलं?"

"ऊन लागलं," तो म्हणाला. "उद्या कुठं पाठवताय?"

जुलैत डोह झाला. ओढा झाला. ओढ्यावर मी सोबत गेले, म्हणजे काठी कशी फिरवायची ते दाखवायला. त्याला येत होतं सगळं, लबाडाला! तरी तो म्हणाला, "मनगट नीट धरून दाखव ना, सिग्गी." 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते कळलंही नाही. दुपारी गारा आल्या. एका स्प्रूसच्या झाडाखाली आम्ही खांद्याला खांदा लावून उभे... त्याच्या टोपीच्या कडेवर गारा टपटपत होत्या, आणि मला त्या थांबू नयेत असं वाटत होतं.

"त्या पोराला तू ओढ्यापर्यंत नेलंस?" बाबा माशी बांधता बांधता म्हणाला. "पुढे काय उरलंय मग?"

"बाबा, गप रे."

"मी कुठं काय म्हणतोय? पत्रिकेवर नाव नीट लिहा म्हणजे झालं. उगाल्दे. मला उच्चारता येत नाही."

आई आतून ओरडली, "आर्ने, पोरीला छळू नकोस!"

ऑगस्टच्या एका सकाळी मी ऑरेनला म्हटलं, "जाडे मोजे घाल. चार तास चढ आहे."

"कुठं?"

"विचारायचं नाही."

तो वाटेत फारसा बोलला नाही. मला वाटलं, दमला. खिंड वीस पावलांवर आली तेव्हा माझं काळीज कोंबडीसारखं फडफडत होतं. मी वळले, हात पुढे केला.

"डोळे मीट."

त्यानं डोळे मिटले नाहीत. हातही धरला नाही.

"सिग्गी... पुढचं पाऊल टाकू नकोस."

"का? अस्वल आहे का?"

"पलीकडे काय आहे ते मला माहीत आहे. तू ते मला द्यायला निघालीयस, आणि मी... मी जूनमध्येच येऊन गेलोय. फुगवायची होडी घेऊन. जाळी टाकून."

मला काही समजेना. वारा कानात नुसता वाजत होता.

"मी खरंच मासे मोजतो. राज्याच्या मत्स्य खात्यात. खालच्या ओढ्यात गळ्याखाली लाल रेघेचे ट्राउट आहेत ना, इथले मूळचे? चारशेसुद्धा उरले नाहीत. दरवर्षी बर्फ वितळलं की तळ्यातले ब्रुक ट्राउट धबधब्यावरून खाली येतात आणि त्यांची जागा बळकावतात. सप्टेंबरात आम्ही तळ्यात औषध टाकणार आहोत."

"कसलं औषध?"

"मासे मारायचं. सगळे."

पायाखालचा दगड सरकावा तसं झालं.

"आणि हे तू मला आज सांगतोयस? इथं?"

"ओढ्यावरच सांगायचं होतं. गारा पडत होत्या, तू हसत होतीस... माझ्याच्यानं झालं नाही. पण आज न सांगता पलीकडे आलो असतो, तर चोरी झाली असती."

"चोरीच झाली," मी म्हटलं आणि एकटी उतरले. चार तासांची वाट मी अडीच तासांत उतरले.

आठवड्यानं शाळेच्या व्यायामशाळेत गावाची सभा भरली. ऑरेन पुढे उभा, हातात कागद, चेहरा पांढरा. सगळं गाव त्याच्यावर तुटून पडलं.

"देवानं ठेवलेले मासे मारणारे तुम्ही कोण?"

"देवानं नाही," ऑरेन हळूच म्हणाला. "धबधब्यावरून मासा वर चढू शकत नाही. त्या तळ्यात मुळात मासेच नव्हते. कुणीतरी नेऊन सोडलेत."

"कोण नेईल चार तासांच्या चढावर मासे? येडे समजता का आम्हाला?"

मी मुठी आवळून बसले होते. आता बाबा उठेल, मला खात्री होती. आता याची चांगली खरडपट्टी निघेल.

बाबा उठला. टोपी काढली.

"मी नेले," तो म्हणाला.

सगळे गर्रकन त्याच्याकडे वळले.

"दुधाच्या दोन कॅनमध्ये, खेचरावर. एकतीस वर्षं झाली. हिला..." त्यानं आईकडे बोट केलं, "हिला जिथं चिटपाखरू नाही अशा ठिकाणी मासा धरायचा होता. तशी जागा होती, पण मासा नव्हता. मग मी नेला."

माझ्या आधी आईच कडाडली.

"आर्ने ट्वेट!" ती ताडकन उभी राहिली. "मला म्हणालास की ते मासे हिमयुगापासून तिथं आहेत!"

"नाहीतर तू हो म्हणाली असतीस का?"

"मी मासे बघून हो म्हटलं होतं असं वाटतं तुला? गाढवा!"

अख्खी व्यायामशाळा हसून लोळली. मी मात्र बाहेर पळाले. ज्या तळ्याचा मला जन्मभर अभिमान होता, ते बाबाच्या दोन कॅनमधून सांडलेलं होतं, आणि त्यापायी खालचे लाल गळ्याचे मासे संपत आले होते. कुणावर रागवायचं तेच कळेना. म्हणून मी ऑरेनवर रागावले. तो सोपा होता.

सप्टेंबरात त्यांनी औषध टाकलं. मी गेले नाही. बाबा गेला. चार दिवस मेलेले मासे जाळीनं काढून आला आणि जेवला नाही. ऑरेन हिवाळाभर दर शनिवारी दुकानात येत राहिला. नदी गोठलेली, तरी दोन माश्या विकत घ्यायचा. मी कागदात बांधून द्यायचे. "धन्यवाद, सिग्गी." बस. एका शनिवारी बर्फाच्या वादळानं तो आला नाही, आणि मी पाच वाजेपर्यंत दारातच उभी राहिले. तेव्हा मला कळलं... आणि कळूनही पुढच्या शनिवारी तोंड उघडलं नाही. ट्वेटांचं डोकं!

जुलैत लाल गळ्याची पिल्लं तळ्यात न्यायची होती. खात्यानं माणसं मागवली. पहिलं नाव बाबानं दिलं होतं, आणि आदल्या दिवशी त्याचा गुडघा सुजला.

"माझ्याऐवजी जा," तो म्हणाला. "मी केलेलं मीच निस्तरायला हवं होतं. तू ने."

पाठीवर पाण्याची पिशवी, पिशवीत बोटाएवढी दोनशे पिल्लं. पुढे ऑरेन, मागे मी, बाकीची माणसं बरीच खाली.

"थांबायचं नाही," त्यानं निघतानाच बजावलं होतं. "पाणी हिंदकळत राहिलं तरच त्यात हवा मिसळते. थांबलो की पिल्लं गुदमरतात."

तीन तास मी त्याच्या पाठीकडे बघत चालले. त्याच्या पिशवीतली पिल्लं उन्हात चमचमत होती. त्याचा शर्ट भिजून पाठीला चिकटला होता. आणि मग, खिंडीखालच्या शेवटच्या चढावर, माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना, मी म्हटलं,

"ऑरेन, माझ्याशी लग्न कर."

त्याचं पाऊल अडखळलं.

"थांबू नकोस!" मी ओरडले. "पिल्लं मरतील!"

"तू... तू काय म्हणालीस?"

"चाल! पुढे बघ! म्हटलं, लग्न कर माझ्याशी. वर्षभर मी वेड्यासारखी वागले. तू खिंडीवर गप्प राहिला असतास तर तळंही मिळालं असतं आणि मीही. तरी तू बोललास. एवढा खरा माणूस मला दुसरा कुठं मिळणार?"

"सिग्गी, मला वळू दे!"

"नाही!"

"तुझा चेहरा तरी बघू दे!"

"लाल झालाय, नाक गळतंय, बघण्यासारखा नाही. चाल!"

तो चालला. खांदे गदगदत होते. हसतोय की रडतोय, मला दिसत नव्हतं. खिंड ओलांडून तळ्यापर्यंत तो जवळजवळ पळतच उतरला. गुडघाभर गार पाण्यात आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो आणि पिशव्यांची तोंडं उघडली. पिल्लं क्षणभर तशीच राहिली, जणू विचार करत... मग एक निघालं, मग दहा, मग सगळी निळ्यात विरघळून गेली.

ऑरेननं रिकामी पिशवी खांद्यावरून सोडली. गारठ्यानं त्याची बोटं वाकत नव्हती, तरी त्यानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"हो," तो म्हणाला. "हो, हो... पण हे तुला सपाटीवर नसतं का विचारता आलं?"